कमोडोर ६४ वर ३०० बॉडचा मॉडेम: पहिल्या तारेपासून पहिल्या कॉलपर्यंत

जुना घरगुती संगणक मिळवून त्यावर खेळ चालवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. फ्लॉपीच्या जागी एसडी कार्ड चालतं, जुन्या टीव्हीच्या जागी नवा चालतो. पण त्याच संगणकाला फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी बोलतं करायचं म्हटलं की नवखी माणसं अडकतात. बहुतेक जण सगळं एकदमच जोडून बघतात. संगणक, मॉडेम (संगणकाचे संकेत तारेवरच्या सुरांत आणि आलेले सूर परत संकेतांत बदलणारं यंत्र), फोनलाइन आणि पलीकडचा संगणक हे एका दमात जोडले आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, तर दोष नेमका कुठे आहे हे कळायला वाटच उरत नाही. म्हणून इथे एकेक दुवा घेऊ, तो तपासू, आणि तो चालला तरच पुढे जाऊ.

उदाहरण म्हणून कमोडोर ६४ घेतला आहे. १९८२ साली आलेला हा संगणक आजही चालू स्थितीत मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात, आणि त्याच्यासाठी नवे मॉडेम अजून बनत आहेत. वेग ३०० बिट प्रति सेकंद, इथे तेच ३०० बॉड. याहून वेगवान मॉडेम पुढे पुष्कळ आले, तरी शिकायला हाच वेग घ्या असं मी आग्रहाने सांगेन. तारेवर काय चाललं आहे ते या वेगाला कानाने ऐकता येतं, आणि संगणकाच्या मूळ रूटीनवरही (आतच असलेल्या प्रोग्रॅमवरही) तो बिनबोभाट चालतो.

तारेवर नेमकं काय चालतं

फोनची तार माणसाच्या आवाजासाठी आखलेली आहे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून नीट जातो. संगणकाचे ० आणि १ त्यातून न्यायचे, तर त्यांचे सूर करावे लागतात. अमेरिकेत ए टी अँड टी कंपनीने १९६२ साली आणलेल्या बेल १०३ या पद्धतीत कॉल करणारा मॉडेम १ साठी १२७० हर्ट्झचा सूर लावतो आणि ० साठी १०७० चा. उत्तर देणारा १ साठी २२२५ आणि ० साठी २०२५ हर्ट्झ वापरतो. दोघांचे सूर वेगवेगळ्या पट्ट्यांत असल्यामुळे दोघेही एकाच वेळी बोलू शकतात आणि ऐकूही शकतात.

जुन्या मॉडेमवर ‘ओ’ आणि ‘ए’ असं लिहिलेली खिट्टी असते, तिचा अर्थ हाच. ओ म्हणजे कॉल करणारा, ए म्हणजे उत्तर देणारा. दोन्ही टोकांना ओ ठेवलं तर दोघेही वरच्या पट्टीचा सूर ऐकू येण्याची वाट बघत बसतात आणि जोडणी कधीच होत नाही. नवख्यांच्या पहिल्या कॉलमध्ये ही चूक फार वेळा होते.

युरोपात याच वेगासाठी व्ही.२१ नावाची पद्धत होती आणि तिचे सूर वेगळे: कॉल करणाऱ्याचे ९८० आणि ११८०, उत्तर देणाऱ्याचे १६५० आणि १८५०. त्यामुळे अमेरिकन मॉडेम आणि ब्रिटिश मॉडेम दोन्ही ३०० चे असले तरी एकमेकांशी बोलतील असं नाही. विकत घेण्याआधी मॉडेम कुठल्या पद्धतीचा आहे ते बघा.

कोणता मॉडेम घ्यावा

अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निकालाआधी टेलिफोन कंपनीच्या तारेला बाहेरचं यंत्र जोडायला सक्त मनाई होती. निकालानंतरही बरीच वर्षं थेट जोडणीवर बंधनं होती. म्हणून सुरुवातीचे मॉडेम तारेला न चिकटता फोनच्या रिसीव्हरला रबरी कपांत बसवून घेत आणि आवाजातूनच काम करत. याला अकूस्टिक कपलर म्हणतात. दिसायला तो सगळ्यांत देखणा असला, तरी त्याच्या कपांच्या मापाचा गोल रिसीव्हर असलेला जुना फोनही हवा आणि खोलीत शांतताही हवी. पहिला मॉडेम म्हणून तो घेऊ नका.

कमोडोरचे स्वतःचे मॉडेम चार, आणि त्यांच्यातला फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (मॉडेमशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मॉडेल बरोबर निवडलं नाही तर नंबरच लागत नाही.

१६०० म्हणजे व्हिकमॉडेम. हा १९८२ साली व्हिक-२० या कमोडोरच्याच आधीच्या संगणकासाठी आला आणि ६४ वरही चालतो. जाहीर किंमत १०९.९५ डॉलर. त्या काळी इतर मॉडेम याच्या कितीतरी पट महाग होते, त्यामुळे असंख्य घरांतला पहिला मॉडेम हाच ठरला. याला नंबर फिरवता येत नाही. नंबर फोनवरून आपण फिरवायचा, पलीकडून शिट्टीसारखा सूर ऐकू आला की रिसीव्हरची गुंडाळीची वायर रिसीव्हरमधून काढून मॉडेममध्ये खोचायची. त्यामुळे ज्याची रिसीव्हरची वायर दोन्ही टोकांना निघते असाच फोन याला लागतो.

१६५० स्वतः नंबर फिरवतो, पण जुन्या चकतीच्या फोनसारखा ठोके देऊन. ते ठोकेसुद्धा मॉडेम मोजत नाही. संगणकातला प्रोग्रॅम एक तार चालू-बंद करून ते देतो. १६६० ला टोन डायलिंग येतं, तेही उसनं: संगणकाच्या सिड या ध्वनिचिपने तयार केलेले सूर एका वेगळ्या ऑडिओ वायरने मॉडेमकडे न्यावे लागतात. जुन्या मालात ही वायर हमखास हरवलेली असते, तेव्हा विकणाऱ्याला आधीच विचारा. १६७० हा १२०० बिटचा असून ३०० वरही चालतो. शिवाय तो हेज आज्ञा समजतो.

हेज हे नाव पुढे सतत येणार आहे. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या जॉर्जियातल्या कंपनीने १९८१ मध्ये २९९ डॉलरचा स्मार्टमॉडेम आणला. मॉडेमला कामाला लावण्यासाठी वेगळ्या तारा आणि खिट्ट्या नकोत, ज्या तारेवरून मजकूर जातो तिच्यावरूनच अक्षरांत आज्ञा द्यायच्या, ही त्यांची कल्पना. प्रत्येक आज्ञेची सुरुवात ‘एटी’ने. एटीडीटी म्हणजे टोनने नंबर लावा, एटीएच म्हणजे फोन ठेवा, एटीए म्हणजे उचला. ही पद्धत इतकी रुळली की पुढे मोबाइल फोनमधल्या मॉडेमनाही त्याच आज्ञा देत गेले.

मॉडेमचा पाचवा प्रकार आजचा आहे: वायफाय मॉडेम. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चिपवरचं छोटं सर्किट कमोडोरच्या पोर्टमध्ये बसतं, संगणकाकडे हेज मॉडेमसारखं वागतं आणि फोन नंबराऐवजी इंटरनेटवरचा पत्ता लावतं. काही जुने शौकीन त्याला खरा मॉडेम मानत नाहीत. सूर त्यात नाहीत हे खरं, पण नवख्याने सुरुवात त्यानेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक आणि मॉडेम यांच्यातला दुवा फोनलाइनची भानगड मध्ये न आणता त्याने तपासता येतो. खरा मॉडेम त्यानंतर घ्या.

जोडण्याआधी वीज

हा भाग घाईने वाचू नका, कारण यंत्र कायमचं जळतं ते इथेच.

अमेरिकेतून आणलेल्या कमोडोरचा मूळ अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कधीही लावू नका. आणि मूळ अडॅप्टर आपल्याच व्होल्टेजचा असला तरी तो बदला. त्यात ५ व्होल्टचा रेग्युलेटर राळेच्या ठोकळ्यात बंद केलेला असतो. म्हातारपणी तो बिघडतो तेव्हा व्होल्टेज कमी करण्याऐवजी वाढवतो, आणि ते थेट मेमरी चिपवर जातं. कमोडोरला ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे लागतात. दोन्ही देणारे नवे अडॅप्टर तयार मिळतात. पहिला खर्च त्याच्यावर करा. जोडण्याआधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट मोजून घ्या.

मॉडेम जिथे लागतो तो यूझर पोर्ट संगणकाच्या मागे, मागून बघताना उजव्या हाताला असतो. सर्किट बोर्डाचीच कड बाहेर काढून तिच्यावर २४ संपर्क केलेले आहेत: वर १ ते १२ आकडे, खाली ए ते एन, त्यात जी आणि आय ही अक्षरं गाळलेली. यातल्या १० आणि ११ वर ९ व्होल्ट एसी असतो. हातबनावटीचा मॉडेम उलटा खोचला गेला तर तो एसी मॉडेमच्या आणि सीआयए चिपच्या (यूझर पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) डेटाच्या पायांवर जाऊ शकतो. म्हणून तीन नियम पाळा. संगणक बंद असतानाच जोडा आणि काढा. चिपची बाजू कुठे यायला हवी याचा फोटो बघितल्याशिवाय खोचू नका. आणि जोडणीच्या सॉकेटमध्ये उलट बसू न देणारी खूण नसेल तर स्वतः रंगाने खूण करून ठेवा.

संपर्क काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका.

आणखी एक गोष्ट. यूझर पोर्टच्या ५ व्होल्ट पायावरून १०० मिलिअँपियरपर्यंतच वीज घ्यावी असं कमोडोरच्या पुस्तिकेत आहे. वायफायची चिप प्रक्षेपणाच्या क्षणी याहून बरीच जास्त ओढते. नवा, दणकट अडॅप्टर असला की ते बहुतेक वेळा निभावतं. पण मॉडेम मधेच रीसेट होत असेल तर त्याला यूएसबीवरून वेगळी वीज देण्याची सोय आहे का ते बघा.

आणि हे पाठच करून ठेवा: यूझर पोर्टवरचे संकेत ० ते ५ व्होल्टचे आहेत. पीसीच्या बाहेरच्या मॉडेमवर जो २५ किंवा ९ पायांचा आरएस-२३२ सॉकेट असतो, तिथे संकेत उणे आणि अधिक १२ व्होल्टपर्यंत जातात, शिवाय ते उलटे असतात. स्मार्टमॉडेमसारखं यंत्र कमोडोरला जोडायचं असेल तर मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा, मॅक्स२३२ चिपचा किंवा कमोडोरच्याच १०११ए सारखा अडॅप्टर हवाच. साधी तार जोडलीत तर सीआयए चिप जाईल.

पहिला दुवा: संगणक स्वतःशी

आधी टर्मिनल प्रोग्रॅम लागेल, म्हणजे कळफलकावरचं अक्षर मॉडेमकडे पाठवणारा आणि मॉडेमकडून आलेलं पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. क्रेग स्मिथ यांनी लिहिलेला सीसीजीएमएस हा कमोडोरवरचा फार लोकप्रिय प्रोग्रॅम, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. नोव्हाटर्म हा दुसरा. तो जास्त अंगांचा आहे पण शिकायला वेळ घेतो. सीसीजीएमएस घ्या, एसडी कार्डच्या ड्राइव्हवरून लोड करा.

संगणक अजून हातात यायचा असेल तर तोवर व्हाइस हा एम्युलेटर तुमच्या लॅपटॉपवर चालवा. त्यात यूझर पोर्टचा मॉडेम नक्कल करायची सोय आहे. मेनू, किज, फाइल उतरवण्याची रीत हे सगळं तिथे शिकून होतं, आणि जळण्यासारखं काही नसतं.

आता लूपबॅकची चाचणी. कमोडोरमध्ये मजकूर बाहेर जातो तो एम या संपर्कावरून आणि आत येतो तो सी वरून. सी च्या जोडीला बी सुद्धा जोडलेला असावा लागतो, कारण ‘अक्षर सुरू झालं’ ही सूचना सीआयए चिपला बी वरून मिळते. संगणक बंद करून, यूझर पोर्टच्या मोकळ्या सॉकेटवर एम, बी आणि सी हे तिन्ही एका तारेने जोडा. सॉकेट लावा, संगणक चालू करा, टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ३०० आणि फुल ड्युप्लेक्स (दाबलेलं अक्षर प्रोग्रॅम स्वतः दाखवत नाही, परत आलेलंच दाखवतो) निवडा. तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर दिसलं तर ते बाहेर जाऊन परत आलेलं आहे, आणि संगणकाची बाजू निर्दोष आहे. दिसलं नाही तर मॉडेम विकत घेण्याआधी संपर्क, सॉकेट आणि शेवटी सीआयए चिप तपासा.

बेसिकमधून (संगणकातल्या प्रोग्रॅमिंग भाषेतून) हेच करायचं असेल तर डिव्हाइस क्रमांक २ उघडायचा आणि नियंत्रणाचं अक्षर म्हणून ६ ही किंमत द्यायची. ६ म्हणजे ३०० बिट, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). १२०० साठी ८. हा डिव्हाइस उघडताच बेसिक सगळे व्हेरिएबल पुसून टाकतं, कारण येणाऱ्या आणि जाणाऱ्या मजकुरासाठी २५६ बाइटचे दोन कप्पे मेमरीच्या वरच्या टोकाला राखले जातात. म्हणून ही ओळ प्रोग्रॅममध्ये सगळ्यांत आधी ठेवा.

इथे कमोडोरची एक अडचण समजून घ्यायला हवी. यात मालिकेने बिट पाठवणारी खास चिपच नाही. प्रत्येक बिट प्रोसेसरच, सीआयए चिपच्या टायमरच्या इशाऱ्यावर, स्वतः मोजून पाठवतो आणि घेतो. ३०० ला एका बिटला ३.३ मिलिसेकंद मिळतात, त्यात प्रोसेसर निवांत असतो. मूळ रूटीनवर १२०० पर्यंत बरं चालतं, २४०० ला अक्षरं गळू लागतात. त्यापुढे जायचं तर यूपी९६०० नावाची वेगळी जोडणी किंवा ६५५१ चिप असलेलं स्विफ्टलिंकसारखं कार्ट्रिज लागतं. सध्या तिकडे जाऊ नका.

दुसरा दुवा: संगणक आणि मॉडेम

लूपबॅकची तार काढा, संगणक बंद करून वायफाय मॉडेम लावा. त्याचा सुरुवातीचा वेग किती आहे हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. टर्मिनल प्रोग्रॅमचा वेग तेवढाच ठेवा. मग एटी टाइप करून रिटर्न दाबा. उत्तर ‘ओके’ यायला हवं. पडद्यावर कचरा आला तर वेग जुळत नाही. काहीच आलं नाही तर वीज किंवा जोडणी बघा.

आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या आहेत, पण शिफ्ट न दाबता. कमोडोरची अक्षरसंहिता पेटस्की आहे, मॉडेम आणि बहुतेक इतर संगणक वापरतात ती आस्की नाही. पेटस्कीत शिफ्टशिवाय दाबलेल्या अक्षरांचे क्रमांक आस्कीतल्या मोठ्या अक्षरांशी जुळतात, म्हणून मॉडेमला ती कळतात. शिफ्ट दाबून दिलेल्या अक्षरांचे क्रमांक १९३ पासून पुढे जातात, आणि मॉडेमला त्यांचा काही अर्थ लागत नाही. हीच गोष्ट वायफायचा पासवर्ड देताना अडते, कारण तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक महत्त्वाचा असतो. पासवर्ड देण्यापुरतं टर्मिनल आस्की अवस्थेत न्या. काम झालं की परत पेटस्कीत या.

घरचं नेटवर्क जोडलं गेलं की एटीडीटी लिहून पुढे बीबीएसचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक द्या. बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड: एखाद्या माणसाच्या घरातला संगणक, त्यावर फोन करून निरोप वाचायचे, लिहायचे, फाइली घ्यायच्या-द्यायच्या. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत सुरू केलेला सीबीबीएस हा पहिला. आजही खऱ्या कमोडोरवर चालणारे काही बीबीएस इंटरनेटवरून खुले आहेत. तसा एखादा निवडा. विचारलं तर पेटस्की आणि ४० स्तंभ असं सांगा. वरची चित्रं, रंग आणि चौकटी तेव्हाच नीट दिसतात. पीसीसाठी बनलेला ८० स्तंभांचा बीबीएस कमोडोरच्या ४० स्तंभांत अर्धाअधिक तुटतो.

जमलं की वेग मुद्दाम ३०० करून एकदा कॉल करा. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. ४० गुणिले २५ असा पूर्ण पडदा भरायला ३३ सेकंद. जवळजवळ वाचण्याच्याच वेगाने ओळी उतरतात. त्या काळच्या बीबीएसवरचे निरोप आखूड आणि मेनू दोन-तीन अक्षरांचे का असत हे तेव्हा बरोबर उमगतं. १९८५ मध्ये खास कमोडोरसाठी सुरू झालेल्या क्वांटम लिंक सेवेने पडद्यावरची बरीचशी चित्रं ग्राहकाच्या डिस्कवरच का दिली होती, तेही कळतं. हीच कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन झाली.

तिसरा दुवा: खरा मॉडेम, खरी तार

आता १६७० किंवा १६५० हातात घ्या. इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक अडचण आहे. तांब्याची लँडलाइन झपाट्याने जात आहे. बीएसएनएल असो की खाजगी कंपनी, घरात येते ती फायबर, आणि फोन लागतो तो फायबरच्या डब्याच्या मागच्या फोन पोर्टला. डायल टोन तोच ऐकू येतो, पण आत आवाजाची पाकिटं करून पाठवली जातात. मधे आवाज दाबून लहान करणारी जी.७२९ सारखी पद्धत असेल तर मॉडेमचे सूर ओळखू न येण्याइतके बिघडतात. आवाज फारसा न दाबणारी जी.७११ असेल तर ३०० चा मॉडेम बहुधा चालतो, कारण त्याला पलीकडच्याचे फक्त दोन सूर वेगळे ओळखायचे असतात. १२०० ला मात्र एवढीही खात्री नाही. तो सुराची कला (फेज, म्हणजे लहरीचा टप्पा) बदलून माहिती नेतो आणि वेळेतल्या बारीक गडबडीनेही चुकतो.

म्हणून बाहेरच्या लाइनीच्या नादी न लागता घरातच लाइन उभी करा. दोन फोन पोर्टचा एटीए म्हणजे फोन अडॅप्टर (वरच्या एटीए आज्ञेशी याचा संबंध नाही) जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. काही अडॅप्टरमध्ये एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टला थेट कॉल लावता येतो. सेटिंगमध्ये कोडेक (आवाजाची पाकिटं करण्याची पद्धत) जी.७११ ठेवा, शांतता गाळणारी सोय बंद करा, एको कॅन्सलर (प्रतिध्वनी पुसणारी सोय) बंद करा. यातलं शेवटचं राहून गेलं तर जोडणी होते पण अधूनमधून वेडीवाकडी अक्षरं येतात. फोनची घंटा वाजते तेव्हा तारेवर बराच जास्त एसी व्होल्टेज येतो, तेव्हा उघड्या तारांना त्या वेळी हात लावू नका.

पलीकडच्या टोकाला दुसरा कमोडोर असला तर उत्तमच. नसला तर माळ्यावर बघा. आपल्याकडे व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत अनेक मराठी घरांत ५६के मॉडेम येऊन गेले. सिरियल पोर्टचा बाहेरचा ५६के मॉडेम असेल तर तो लॅपटॉपला यूएसबी-सिरियल वायरने जोडा आणि पुट्टी किंवा मिनीकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा. यातले पुष्कळसे मॉडेम बेल १०३ वर उतरू शकतात. एटीबी१ ही आज्ञा त्यांना बेलच्या पद्धतीवर आणते, एटीबी० आंतरराष्ट्रीय पद्धतीवर. पीसीच्या आत बसणारं सॉफ्टमॉडेम कार्ड घेऊ नका. त्याचे ड्रायव्हर आजच्या संगणकावर मिळणं कठीण.

ओघ असा. लॅपटॉपच्या मॉडेमला एटीएस०=१ द्या, म्हणजे पहिल्याच घंटेला तो फोन उचलेल. कमोडोरवरून १६७० ला एटीडीटी आणि पलीकडच्या पोर्टचा नंबर द्या. स्पीकर असेल तर डायलचे सूर, मग घंटा, मग २२२५ हर्ट्झची स्थिर शिट्टी, आणि तिच्यात मिसळलेली आपल्या मॉडेमची खालची पट्टी ऐकू येईल. पाठोपाठ पडद्यावर ‘कनेक्ट’. आता एका बाजूला टाइप केलेलं दुसरीकडे दिसायला हवं.

१६५० असेल तर डायलिंगच्या ठोक्यांची अडचण येईल. बरेच एटीए ठोके ओळखत नाहीत. अशा वेळी त्याच लाइनीला साधा टोन फोन समांतर जोडा, नंबर फोनवरून लावा, शिट्टी ऐकू आली की मॉडेमची खिट्टी डेटाकडे करा आणि फोन ठेवा. मॉडेमवरची दुसरी खिट्टी ओ वर हवी. १६०० ला तर अशीच पद्धत आहे, फक्त खिट्टीऐवजी रिसीव्हरची वायर बदलायची.

फाइल उतरवताना

मजकूर येताना एखादं अक्षर बिघडलं तरी वाचता येतं. प्रोग्रॅममध्ये एक बाइट बिघडला तर तो चालत नाही. त्यासाठी वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनीच १९७७ मध्ये एक्समॉडेमची पद्धत आखली: १२८ बाइटचा तुकडा पाठवायचा, सोबत बेरजेची खूण, पलीकडच्याने बेरीज जुळवून ‘मिळाला’ किंवा ‘पुन्हा पाठव’ सांगायचं. कमोडोरच्या जगात कॅनडाच्या स्टीव्ह पंटर यांची पंटर पद्धत जास्त रूढ झाली. बीबीएस कमोडोरचा असेल तर पंटर निवडा, इतरत्र एक्समॉडेम.

तुकड्यांची पद्धत कमोडोरला आणखी एका कारणाने लागते. बिट मोजायचं काम प्रोसेसरच करतो, आणि डिस्क ड्राइव्हशी बोलायचं कामही त्याचंच. दोन्ही एकाच वेळी नीट होत नाहीत. म्हणून एक तुकडा घ्यायचा, पलीकडच्याला थांबवून ठेवायचं, तो डिस्कवर लिहायचा, मग पुढचा मागायचा. डाउनलोड अधूनमधून थबकतो तो यामुळे. बिघाड समजून बटण दाबू नका.

वेळेचा अंदाज आधी बांधा. डिस्कच्या एका बाजूवर सुमारे १७० किलोबाइट मावतात. ३०० च्या वेगाने तेवढं उतरवायला दीड तासाहून जास्त लागतो. दहा किलोबाइटचा छोटा प्रोग्रॅम सहा-सात मिनिटांत येतो. पहिली फाइल तशीच छोटी घ्या.

अडलं तर कुठे बघायचं

प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं: तुमच्याकडे हाफ ड्युप्लेक्स लावलेलं आहे आणि पलीकडूनही प्रतिध्वनी येतो आहे. फुल करा. एकही अक्षर दिसत नाही पण पलीकडे पोचतं, तर उलट करा.

लहान अक्षरं मोठी आणि मोठी लहान दिसतात: आस्की आणि पेटस्कीची अदलाबदल झाली आहे. तारेचा दोष नाही.

‘नो कॅरियर’ येतं, म्हणजे पलीकडच्या मॉडेमचा सूर (कॅरियर) मिळत नाही: शिट्टी ऐकू आली का ते आधी आठवा. आली असेल तर ओ-ए ची खिट्टी किंवा बेल-व्ही.२१ चा फरक बघा. आली नसेल तर नंबरच लागलेला नाही. मॉडेमला डायल टोनच ओळखू येत नसेल तर एटीएक्स१ देऊन बघा. मग तो टोनची वाट न बघता नंबर लावतो. हा उपाय आपल्याकडच्या एक्स्चेंजवर आणि एटीएवर पुष्कळदा लागतो, कारण जुन्या अमेरिकन मॉडेमला तिथलाच डायल टोन माहीत असतो.

जोडणी होते पण काही मिनिटांनी तुटते: कॉल वेटिंगची सूचना वाजली की मॉडेमला ती कॅरियर गेल्यासारखी वाटते. लाइनीवरची ती सोय बंद करा. घरात दुसऱ्या खोलीत समांतर फोन असेल तर तो कोणी उचलणार नाही हेही बघा.

सगळं ठीक असतानाही अधूनमधून एखादंच अक्षर चुकतं: कमोडोर पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) आहे की एनटीएससी (अमेरिकेतली) हे बघा. पालचा प्रोसेसर ०.९८५ मेगाहर्ट्झवर चालतो, एनटीएससीचा १.०२३ वर. दोन्हींसाठी बिट मोजण्याचे आकडे वेगळे लागतात. जुन्या अमेरिकन टर्मिनल प्रोग्रॅमांनी हा फरक धरलेला नसेल तर १२०० ला चुका दिसू लागतात. नवी आवृत्ती घ्या.

कॉल संपवताना बीबीएसच्या मेनूतून ‘लॉग ऑफ’ करूनच बाहेर पडा. घरगुती कमोडोरवर चालणाऱ्या बीबीएसला बहुतेक वेळा एकच लाइन असते, आणि तुम्ही नुसता संगणक बंद केला तर तुमची वेळ संपेपर्यंत ती अडून राहू शकते. मेनूपर्यंत पोचताच येत नसेल तर एक सेकंदभर काहीही टाइप करू नका, मग अधिकचं चिन्ह सलग तीनदा दाबा, पुन्हा एक सेकंद थांबा. मॉडेम ‘ओके’ म्हणेल. मग एटीएच.